दोन वह्या आणि एक कपाट

शमीम हळदे यांनी सहा वर्षांत मला एकही सल्ला दिला नाही. माणसांना त्यांच्या आयुष्यात वाट शोधायला मदत करणं हाच त्यांचा व्यवसाय होता, त्यामुळे हे ऐकून लोकांना नवल वाटतं. कागदावर मी त्यांचा वरिष्ठ. कंपनीचा मनुष्यबळ विभाग माझ्याकडे आणि त्यातलं प्रशिक्षण त्यांच्याकडे. मुलीच्या कॉलेजवरून माझ्या घरी वाद पेटला होता तेव्हा एकदा मी त्यांना विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगा, काय करू?"

"सर, मी सांगितलं आणि चुकलं तर तुम्ही मला दोष द्याल. बरोबर आलं तर पुढच्या वेळी परत विचारायला याल. दोन्हीकडून पंचाईत." मग जरा थांबून म्हणाल्या, "मुलगी काय म्हणते?"

मुलीला मी विचारलंच नव्हतं.

या लेखातली नावं खरी नाहीत. दुसऱ्याची गोष्ट त्याला न विचारता एकदा माझ्याकडून सांगून झाली आहे. पुन्हा तसं करायचं नाही, म्हणून नावं बदलली.

आमची कंपनी अलिबागच्या बाजूला, खाडीलगत. रंगांसाठी लागणारं रेझिन आम्ही बनवतो. कामगार आसपासच्या गावांतले: आगरी, कोळी, भंडारी, काही मुसलमान. इंजिनियर मात्र बहुतेक बाहेरचे. शमीम मॅडम म्हसळ्याच्या. वडील अर्धं आयुष्य कुवेतला, आईने घर सांभाळलेलं. कंपनीत त्या लागल्या त्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून. उशिरा येणाऱ्याने रजिस्टरमध्ये कारण लिहायचं आणि ते त्यांनी तपासायचं, असं ते काम. "आठ वर्षं मी लोकांच्या उशिराची कारणं वाचली," त्या सांगायच्या. "पंक्चर, पाहुणे, पोट बिघडलं. खरं कारण त्या रकान्यात कधीच मावत नाही."

त्या वाचनातूनच त्यांना हे वेड लागलं असावं. सुट्ट्या घालवून, पुण्याला खेपा करून त्यांनी लाइफ कोचिंगचा अभ्यासक्रम पुरा केला. मग एक दिवस माझ्यासमोर अर्ज ठेवला: मला प्रशिक्षण विभागात घ्या. मी लोकांना मशीनही शिकवीन आणि त्यांच्याशी बोलेनही. मी म्हटलं, ही दोन वेगळी कामं आहेत. त्या म्हणाल्या, "ज्याचं डोकं घरी राहिलंय त्याला तुम्ही व्हॉल्व्ह कसा शिकवणार, सर?"

मला ते पटलं. कंपनीच्या मोठ्या साहेबांना हे पटवून मीच त्यांना विभागात आणलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या गोष्टीतही मीच आहे.

त्यांची पद्धत अशी. ऑफिसात कुणाला समोर बसवून त्या कधी बोलल्या नाहीत. खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीला शोभेल तेच बोलतो, हे त्यांचं मत. दुपारी चारच्या सुमाराला त्या सँडल काढून कॅनव्हासचे पांढरे बूट घालायच्या आणि ज्याची पाळी असेल त्याला घेऊन मागच्या गेटमधून बाहेर पडायच्या. खाडीच्या बांधावरून जुन्या मिठागरापर्यंत जायचं आणि परत यायचं, साधारण अर्धा तास. चालताना दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात, समोरच्याचे डोळे टाळावे लागत नाहीत. मॅडम फारसं बोलत नसत. समोरचा थांबला की "मग?" म्हणायच्या आणि गप्प राहायच्या. ती शांतता माणसाला झेपायची नाही, तो पुढचं बोलून जायचा.

त्यांच्या दोन वह्या होत्या. एक लांबट रजिस्टर. त्यात कुणाला काय येतं, कुणाला काय शिकवायला हवं, कोण पुढच्या कामाला तयार आहे, हे लिहिलेलं. ते कंपनीचं. दुसरी लहान वही, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून कव्हर घातलेली. तिच्यात बांधावरचं बोलणं. नियम त्यांनी प्रत्येकाला पहिल्याच फेरीत सांगितलेला असायचा: मशीनवर दिसलं ते कंपनीचं, बांधावर ऐकलं ते तुझं.

प्रॉडक्शनचे प्रमुख वर्तक यांना हा सगळा प्रकार विनोदी वाटायचा. "काय साळवी, तुमच्या मॅडम आज कुणाला हवा खायला घेऊन गेल्या?" असं ते मला मुद्दाम सगळ्यांसमोर विचारायचे. मॅडमचं लग्न मोडलेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कँटीनमध्ये एकाने त्यांच्या तोंडावरच म्हटलं, "जगाचे संसार दुरुस्त करता, मग तुमचं काय हो झालं?" मॅडमनी पावाचा घास खाऊन घेतला आणि म्हणाल्या, "अरे, न्हावी स्वतःचे केस स्वतः कापतो का?" तो माणूस पुढच्याच आठवड्यात बूट घालून बांधावर दिसला.

प्रशिक्षणाच्या खोलीत गरुडाचं एक पोस्टर होतं, यशाची सूत्रं छापलेलं. ते त्यांनी काढून टाकलं आणि तिथे एक कोरा कागद डकवला. वर लिहिलं, 'मला हे शिकायचंय'. लोक लिहू लागले: क्रेन, कॉम्प्युटर, इंग्रजी. एका दिवशी कुणीतरी लिहिलं, 'पोहायला'. नागपूरकडचा एक तरुण इंजिनियर होता. तीन वर्षं खाडीकाठी राहून तो पाण्याला घाबरायचा. मॅडमनी थळच्या एका कोळी फिटरला गाठलं आणि रविवारी सकाळी भरतीच्या वेळी त्याची शिकवणी सुरू झाली. मी म्हटलं, "मॅडम, अहवालात हे कुठल्या कौशल्यात दाखवू?"

"खाडीकाठची कंपनी आहे, सर. सुरक्षेत दाखवा."

अहवाल हा त्यांचा कच्चा दुवा. वेळेवर असा त्यांनी एकदाही दिला नाही. मी ओरडलो की "उद्या नक्की" म्हणायच्या आणि चार वाजता बूट घालून निघून जायच्या. हट्टीही होत्या. एखाद्याबद्दल त्यांचं मत झालं की ते बदलायला आम्हाला वर्ष लागायचं.

जनार्दनची गोष्ट मला फार उशिरा कळली. जनार्दन म्हात्रे हा आमचा जुना ऑपरेटर. आवाजावरून पंप बिघडणार हे ओळखायचा. त्याला दोनदा सुपरवायझर करायचं ठरलं, दोन्ही वेळा त्याने नाही म्हटलं. वर्तक म्हणायचे, याला महत्त्वाकांक्षाच नाही. मॅडम त्याला घेऊन फिरून आल्या. महिन्याभरात त्यांनी एक प्रस्ताव आणला: शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत लांबलचक लिहायच्या ऐवजी मराठीत छापून त्यावर नुसत्या खुणा करायचा ठेवावा, सगळ्यांसाठी, वेळ वाचेल. वेळ खरोखरच वाचला. पुढे तिसऱ्या वेळी विचारल्यावर जनार्दनने सुपरवायझरकी घेतली. निवृत्तीच्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मना इंग्रजी लिवता येत न्हवतं. त्या बायला सांगितलं व्हतं फक्त. बायनं कुनाला कळू दिला न्हाय." माझ्या हाताखालच्या बाईने माझ्याच टेबलावर तो प्रस्ताव ठेवला होता आणि मलाही तिने कळू दिलं नव्हतं.

पण दोन्ही कामं एकत्र करण्यात एक पेच होता आणि तो मला खूप आधीच दिसायला हवा होता. आमचा सगळ्यात चांगला वेल्डर मॅडमबरोबर चार-पाच फेऱ्या मारून आला आणि त्याने राजीनामा दिला. वडिलांची बोट चालवायला घरी गेला. वर्तक तणतणत माझ्या केबिनमध्ये आले. मॅडम तिथेच होत्या.

"कंपनीचा पगार घेता आणि कंपनीचीच माणसं घालवता?"

"तो इथे होता तेव्हाही इथे नव्हता, सर. त्याच्या वेल्डिंगचे दोन जोड पुन्हा करावे लागले होते ना गेल्या महिन्यात?"

"मग त्याला इथे टिकवायचं काम कुणाचं?"

वर्तकांच्या प्रश्नात तथ्य होतं. मॅडम माणसाच्या बाजूने चालत होत्या, पण बूट कंपनीच्या वेळेत घातलेले होते. वर्तक गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "कधीतरी हे अंगाशी येणार, सर." मी हसून सोडून दिलं.

ते आलं ते नितीन घरतच्या निमित्ताने.

नितीन चौलचा. पस्तिशीचा, शांत, कामाला अचूक. कंट्रोल रूमच्या शिफ्ट इन्चार्जची जागा रिकामी होणार होती आणि ती त्याला मिळावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. आमच्याकडे वर्षातून एकदा बैठक व्हायची. कोण कुठल्या पदाला तयार आहे याची यादी तिथे ठरायची. टॅलेंट रिव्ह्यू असं तिचं नाव. माणसांची माहिती मॅडमनी द्यायची आणि मी ती मांडायची. त्या वर्षी बैठकीच्या दोन दिवस आधी त्यांच्या आईचं ऑपरेशन निघालं. त्या म्हसळ्याला गेल्या. अहवाल अर्थातच झालेला नव्हता. फोन लागेना. विभागातल्या सगळ्या कपाटांची दुसरी चावी माझ्याकडे असायची. बैठकीच्या सकाळी मी त्यांचं कपाट उघडून लांबट रजिस्टर काढलं. त्याच्याखाली लहान वही होती.

रजिस्टर मिळालं होतं, माझं काम झालं होतं. तरी मी ती वही उघडली. का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तरांचाही वीट आला आहे. कुतूहल होतं. आणि लोक मला जे कधी सांगणार नाहीत ते त्यांना सांगतात, याचा हेवाही होता. नितीनच्या पानावर त्याच्या तब्येतीची एक गोष्ट होती. ती कोणती हे मी इथे लिहिणार नाही. उपचार चालू होते, अलिबागच्या डॉक्टरकडे तो नेमाने जात होता आणि सुधारत होता, एवढंच सांगतो. 'सुधारतोय' हा शब्द मॅडमनी दोनदा अधोरेखित केला होता.

बैठकीत दोन नावं उरली. नितीन आणि कदम म्हणून दुसरा एक. कागदावर दोघेही सारखे. वर्तक खुर्चीत मागे रेलले. "काय साळवी, तुमच्या मॅडम रोज बांधावर फिरतात, त्यातून कधी काही कळतं का? की नुसतीच हवा?"

सगळे हसले. मला ते लागलं. त्यांचं काम किती उपयोगाचं आहे हे दाखवून द्यायची मला घाई झाली आणि मी म्हणालो, "घरतला तब्येतीचा थोडा त्रास आहे. औषधं चालू आहेत. बाकी उत्तम आहे तो."

बाकी काय उत्तम आहे ते कुणी विचारलं नाही. जागा कदमला मिळाली. शिवाय तब्येतीचं कळलं आहे तर रेझिन बनतं त्या रिअ‍ॅक्टरजवळ ठेवणं बरं नव्हे, असं ठरून नितीनला गोडाउनला टाकलं. 'सुरक्षेच्या कारणास्तव' या शब्दांखाली सही माझी होती.

मॅडम परतल्या त्या दिवशी चहाच्या सुट्टीत नितीन कँटीनमध्ये त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी बेसिनशी हात धूत होतो.

"मॅडम, एक इचारू? ती गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक आणि तुम्हाला. आईला पण न्हाय सांगितली मी. मग वर्तकसाहेबांना कशी कळली?"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. नळ चालूच होता.

"माझ्याकडूनच गेली, नितीन."

"म्हंजे तुम्हीच?"

"माझ्याकडूनच गेली."

"बेस केलंत," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तरी शेजारच्या टेबलांवर ऐकू गेलं. "फिरवून फिरवून काढून घेतलंत."

मी नळ बंद केला आणि बाहेर आलो.

त्यानंतर बांधावर कुणी गेलं नाही. कुणाचा पाय दुखायचा, कुणाला शिफ्ट असायची. मॅडम चार वाजता बूट घालून एकट्याच जायच्या आणि अर्ध्या तासाने परत यायच्या. 'मला हे शिकायचंय'चा कागद कोरा राहिला. मग एकदा कुणीतरी त्यावर लिहिलं, 'गप्प बसायला'. तो कागद त्यांनी काढला नाही.

दीड महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. मी प्रशिक्षणाच्या खोलीत गेलो तेव्हा त्या सामान आवरत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वह्या दोन केल्या, सर. कपाट मात्र एकच ठेवलं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असं होतं कधी कधी."

निरोपाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ माझ्याच हातून दिलं गेलं. माइकवरून मी विश्वास या विषयावर बोललो. चांगलं बोललो, असं नंतर दोघा-तिघांनी सांगितलं.

पुढे दोन वर्षं मी त्यांना भेटलो नाही. परवाच्या मे महिन्यात श्रीवर्धनला एका लग्नाला गेलो होतो. परतताना बायकोला म्हटलं, म्हसळ्यात एकाला भेटायचंय, तू गाडीत थोडी पड. चौकात विचारल्यावर एका पोराने बोट केलं, "शमीम आपा? ते टाइल्सच्या दुकानाच्या वर."

वर दोन खोल्या. आतल्या खोलीत बारा-पंधरा मुली बसल्या होत्या, कुणी बुरख्यात, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये. नोकरीच्या मुलाखतीत कसं बोलायचं, कामाच्या जागी चूक झाली तर वरिष्ठाला कशी सांगायची, हे मॅडम शिकवत होत्या. मला बघून त्यांनी मुलींना लिहायला काहीतरी दिलं आणि बाहेरच्या खोलीत आल्या. केस बरेच पिकले होते. मी इकडचं तिकडचं विचारलं. आई आता बरी आहे. क्लास बरा चालतो. फक्त कामाचंच शिकवते. "आयुष्याचं कुणी सांगायला लागलं तर थांबवते मी. म्हणते, बाई, ते घरी कुणाला तरी सांग."

हे ऐकल्यावर मला थांबता आलं नाही. कपाट, वही, बैठक, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. 'मग?' त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

"मला ठाऊक होतं," शेवटी म्हणाल्या. "दुसरी चावी तुमच्याकडेच होती ना."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही..."

"वाटलं, तुम्ही सांगाल. आधी वाटलं संध्याकाळपर्यंत सांगाल. मग त्या आठवड्यात. निरोपाच्या दिवशी तुम्ही माइक हातात घेतलात तेव्हा वाटलं, आता सांगणार."

मी मान खाली घातली. माफी मागितली.

"माझी माफी राहू दे, सर. वही कपाटात मी ठेवली होती, तेवढं माझं आहेच. नितीनला सांगितलंत?"

"नाही."

"त्याची बायको मला भेटली होती. त्याने डॉक्टरकडे जाणं सोडलंय. तिला म्हणतो, डॉक्टर पण कुणालातरी सांगेल. घरातसुद्धा बोलत नाही तो आता." त्यांचा आवाज पहिल्यांदा घसरला. "मी जाऊन सांगितलं असतं तर म्हणाला असता, ही स्वतःला सोडवतेय. ते तुमच्याकडूनच यायला हवं."

"मी जातो. या रविवारीच चौलला जाऊन..."

"नाही जाणार तुम्ही. वाटेवरच्या नागावपर्यंत जाल, तिथे नारळपाणी प्याल आणि परत फिराल. मी ओळखते तुम्हाला. आत्ता लावा फोन."

मी फोन काढला. त्या उठल्या, मुलींच्या खोलीत गेल्या आणि मधलं दार त्यांनी ओढून घेतलं. जे त्यांच्याविषयीच होतं तेही त्यांना चोरून ऐकायचं नव्हतं.

नितीन गोडाउनवर होता. मागे ट्रकचा आवाज येत होता. मी एका दमात सांगितलं, सबब न देता. कपाट मी उघडलं, वही मी वाचली, बैठकीत मी बोललो, मॅडमनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तो ट्रकपासून लांब गेला असावा, मागचा आवाज कमी झाला.

"मॅडमला ठाऊक व्हतं, तुम्हीच ते?"

"हो."

"आन् तरी मी बोललो ते ऐकून घेतलं त्यांनी?"

"हो."

"त्या हायत का तिथं?"

"आत आहेत. देऊ फोन?"

"नको, नको. न्हाय." आणि मग, "कुठल्या तोंडानं बोलू मी?" फोन बंद झाला.

मी दार वाजवलं. मॅडम बाहेर आल्या. मी म्हणू लागलो, "तो म्हणाला..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "झालं ना सांगून? बास. तो काय म्हणाला ते तुमच्या दोघांत राहू दे." मला पाणी हवं का विचारलं. मी नको म्हटलं.

नितीन पुन्हा डॉक्टरकडे जाऊ लागला की नाही, त्याने मॅडमना फोन केला की नाही, हे मला ठाऊक नाही. त्याला गोडाउनवरून परत आणावं म्हणून मी सगळं लेखी कळवलं आहे, माझ्या नावानिशी. वर्तक तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत आणि त्या कागदावर अजून निर्णय झालेला नाही.

निघताना मी चपला घालायला वाकलो तेव्हा मधलं दार उघडंच राहिलं होतं. मॅडम फळ्यासमोर मुलींकडे पाठ करून उभ्या होत्या. खडू हातात होता, पण त्या काही लिहीत नव्हत्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हळूच विचारलं, "आपा, काही उतरवून घ्यायचंय का?" मॅडमनी डस्टर उचललं आणि तो कोराच फळा त्या वरपासून खालपर्यंत, सावकाश, पुसत राहिल्या.